बाजारभाव सांगता येईल इतकंच पळा

टीएमटीच्या, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासायच्या यंत्राला सगळ्यात आधी वय सांगावं लागतं. माणूस पट्ट्यावर चढण्याआधी आम्ही तंत्रज्ञ पडद्यावर त्याचं नाव आणि वय टाकतो आणि यंत्र लगेच 220 मधून ते वय वजा करून एक आकडा कोपऱ्यात लावून ठेवतं. बासष्ट वर्षांच्या माणसाला 158. हा त्याच्या हृदयाचा मिनिटाला कमाल वेग. त्याचे 85 टक्के, म्हणजे 134, गाठले की तपासणी पुरेशी झाली असं धरायचं. लखनौच्या एका रुग्णालयात ईसीजीच्या खोलीत माझी तीसेक वर्षं गेली आणि तो आकडा मी रोज पाहिला. सिएटलच्या डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी 1960 च्या दशकात घालून दिलेल्या पद्धतीने दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग वाढतो, चढ वाढतो. पहिला टप्पा ताशी 2.7 किलोमीटरचा, देवळात जाताना चालतो तसा. तिसऱ्यात माणूस घामाघूम.

त्या पट्ट्यावर एक गोष्ट मला फार लवकर कळली. साठीचे दोघे जण, दोघांचीही ईसीजीची कमान स्वच्छ, दोघांनाही कुठला आजार नाही. एक जण 140 ला ‘बस, बस’ म्हणून दांडी पकडतो आणि दुसरा 172 ला गेला तरी गप्पा मारतोय. यंत्राने दोघांनाही 160 च लिहून दिलेले. डॉक्टर त्या कोपऱ्याकडे फारसे बघत नसत. ते कमान बघत, रक्तदाब बघत, माणसाचा चेहरा बघत.

आता तोच कोपरा लोकांच्या मनगटावर आला आहे. मुलगा बंगळुरूहून घड्याळ पाठवतो, वडील त्यात जन्मतारीख भरतात, घड्याळ आतल्या आत तसलंच काहीसं गणित करतं आणि हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे दाखवू लागतं. त्या पट्ट्यांवर भरवसा ठेवून साठी उलटलेली माणसं पळायला लागली आहेत. पळताहेत याचा मला मनापासून आनंद आहे. त्यांनी ते आकडे नीट समजून वापरावेत, म्हणून हे लिहिते आहे.

लग्नानंतर मी लखनौला आले ती निशातगंजातच. ह्यांची नोकरी रेल्वेत, बादशाहनगर स्टेशन हाकेच्या अंतरावर. नंबरांच्या गल्ल्या, करामत मार्केट, भाजीच्या गाड्या, वरून जाणारा उड्डाणपूल आणि अष्टौप्रहर वाजणारे हॉर्न. इथे कुणी पळत असेल असं बाहेरच्याला वाटणार नाही. पण गल्ली सोडून गोमतीकडे निघालं की थोड्याच वेळात पूल लागतो. पलीकडे सिकंदरबाग आणि वनस्पती उद्यान, आणि नदीच्या काठाने बांधलेला लांबलचक सपाट रस्ता. पहाटे तिथे आमची मंडळी जमते. इंटर कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले मास्टर साहब. चिकनचं भरतकाम घरी आणून करणाऱ्या भाभीजी. आणि आमचे गलाईवाले मामा. खानापूर, आटपाडी, विटा या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत, हे सांगलीकडच्या वाचकांना सांगायला नको. मामा त्यांतलेच. चौक भागात दुकान, घर निशातगंजात, आणि इतकी वर्षं लखनौत काढूनही बोली विट्याचीच.

नवशिक्या ज्येष्ठांचा पहिला दिवस बहुतेक सारखाच जातो. पळणं म्हटलं की त्यांना शाळेतली शंभर मीटरची शर्यत आठवते. चालता चालता एकदम जोरात सुटतात. दीड-दोन मिनिटांत धाप लागते, तोंड लाल होतं, पोटरी भरते आणि मग आठवडाभर घरी. मामा पहिल्या दिवशी कमरेवर हात ठेवून म्हणाले, “ताई, छातीत नुसता फुफाटा उठतोय. आपल्याच्यानं न्हाई व्हायचं ह्ये.” त्यांच्याच्यानं होण्यासारखं होतं. फक्त फार हळू करायला हवं होतं.

कारण असं. हृदयाच्या उजव्या कप्प्यात वरच्या बाजूला पेशींचा एक लहानसा पुंजका असतो, तो ठोक्यांचा वेग ठरवतो. वयाबरोबर त्यातल्या काम करणाऱ्या पेशी कमी होतात आणि अ‍ॅड्रेनलिनला त्यांचा प्रतिसादही मंदावतो. त्यामुळे कमाल वेग सरासरी दर दहा वर्षांना सातेक ठोक्यांनी उतरतो. तो कसल्याही व्यायामाने परत चढत नाही. मात्र एका ठोक्यात किती रक्त पुढे जातं, रक्तातला द्रवाचा भाग किती, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या किती आणि पेशींमधली ऊर्जेची केंद्रं किती, हे सगळं साठीनंतरही वाढतं. आणि त्यातलं बरंचसं हलक्या, लांबवर चालणाऱ्या श्रमाने वाढतं. जोरात पळालं तर माणूस दोन मिनिटांत थांबतो, म्हणजे शरीराला शिकायला वेळच मिळत नाही. शिवाय हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात, पण टाचेच्या, गुडघ्याच्या शिरांना महिने लागतात. दम आला म्हणून वेग वाढवला की नेमकी तीच जागा दुखावते. वेगाला लगाम घालायला काहीतरी हवं. नाडीचा आकडा त्यासाठी उत्तम आहे, फक्त तो आपला असला पाहिजे.

220 वजा वय हे सूत्र 1971 च्या एका शोधनिबंधातून पसरलं. फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल या तिघांचा तो निबंध हृदयविकार टाळण्यासाठी व्यायाम किती उपयोगी, या विषयावर होता. आधीच्या काही अभ्यासांतले बिंदू आलेखावर मांडले, त्यांच्यातून अंदाजाने रेघ गेली, आणि ती वजाबाकीला सोपी होती म्हणून जगभर रुजली. पुढे 2002 मध्ये रॉबर्ग्स आणि लँडवेर यांनी या सूत्राचा माग काढला, तेव्हा त्यामागे त्यासाठी म्हणून केलेला मूळ अभ्यासच नाही असं निघालं. 2001 मध्ये तनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 351 अभ्यास एकत्र केले. त्यांत 18,712 माणसं होती. त्यांचं सूत्र आहे 208 वजा वयाचे सात दशांश. त्यांचं म्हणणं असं की जुनं सूत्र म्हाताऱ्या माणसांचा कमाल वेग कमी सांगतं. बायकांसाठी डॉ. मार्था गुलाटी यांनी 2010 मध्ये वेगळं सूत्र दिलं. शिकागो भागातल्या पाच हजारांहून जास्त स्त्रियांच्या ट्रेडमिल चाचण्यांवरून त्यांनी काढलं: 206 वजा वयाचे 0.88 पट.

आता बासष्ट वर्षांची एक बाई घेऊ. पहिलं सूत्र तिला 158 देतं, दुसरं 165, तिसरं 151. तिन्ही अभ्यासू माणसांची, आणि फरक चौदा ठोक्यांचा. त्यात प्रत्येक सूत्राभोवती माणसामाणसातला फरक दहा-बारा ठोक्यांचा, दोन्ही बाजूंना, आणि कित्येक जण त्याच्याही बाहेर पडतात. सूत्र गर्दीबद्दल खरं सांगतं. गर्दीतल्या एका माणसाबद्दल त्याला फारसं ठाऊक नसतं.

घोळ इथे संपत नाही. हलक्या पळण्यासाठी कमाल वेगाच्या 60 ते 70 टक्क्यांत राहा, असं बहुतेक घड्याळं सांगतात. आपल्या बाईचा कमाल वेग 165 धरला, तर ही मर्यादा येते 99 ते 115. नवशिक्या माणसाची नाडी भरभर चालतानाच तिथे पोचते, पळायचा प्रश्नच येत नाही. मग भाभीजींसारखी माणसं म्हणतात, “दीदी, हमारा तो चलने में ही लाल हो जाता है,” आणि हिरमुसतात. फिनलंडच्या मार्टी कार्वोनेन यांनी 1957 मध्ये यापेक्षा शहाणपणाची रीत मांडली. निवांत पडल्यापडल्याची नाडीही हिशेबात घ्यायची. समजा बाईची नाडी सकाळी 72. कमाल 165 मधून 72 गेले, उरले 93. एवढी तिची राखीव पुंजी. तिच्या 60 टक्के म्हणजे 56, त्यात 72 मिळवले की 128. 70 टक्क्यांनी तेच येतं 137. म्हणजे तीच बाई, तेच ‘साठ ते सत्तर टक्के’ हे शब्द, पण एका रीतीने 99 ते 115 आणि दुसरीने 128 ते 137. अमेरिकेतले फिल मॅफेटोन तिसरंच सांगतात: 180 मधून वय वजा करा. आजारातून उठला असाल किंवा नेहमीचं औषध चालू असेल, तर आणखी दहा वजा करा. आपल्या बाईला 118 ही वरची हद्द. आणि पासष्टीपुढच्यांना हे सूत्र जसंच्या तसं लागू पडेलच असं नाही, हे ते स्वतःच म्हणतात.

यातलं खरं कुठलं? मास्टर साहबांनी वहीत सगळी गणितं मांडून मला हाच प्रश्न केला. मी त्यांना भाभीजींच्या शेजारी पळायला सांगितलं. भाभीजी निशातगंजच्या मंडईतून रोज भाजी आणतात. पळता पळता त्यांनी शेजारच्याला बाजारभाव सांगायचा: आलू किती, टमाटर किती, परवल कितीला मिळाला आणि भाजीवाला शेवटी किती उतरला. पूर्ण वाक्यं येताहेत, मध्ये एखादा श्वास घेतला तरी गोष्ट तुटत नाही, तर वेग बरोबर. ‘परवल… साठ…’ असे सुटे शब्द यायला लागले की वेग जास्त झाला. नुसता हात हलवून उत्तर मिळालं की चालायला लागायचं. अशा वेळी घड्याळात बघायचं आणि तो आकडा लिहून ठेवायचा. वाक्यं तुटायला लागतात तो ठोका ज्याचा त्याचा वेगळा. भाभीजींचा तेव्हा 131 च्या आसपास होता, मामांचा 124. असे चार-पाच वेगवेगळ्या दिवसांचे आकडे जमले की त्यांच्या थोडं खाली आपली हद्द ठेवायची. कुठल्याही सूत्रापेक्षा ती जास्त भरवशाची, असं माझं अनुभवाचं मत आहे.

बोलता येईल इतकंच पळणं ही कल्पना जुनी आहे. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ऑकलंडमध्ये मध्यमवयीन आणि म्हाताऱ्या माणसांना हळू पळायला लावलं. त्यांत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेलेही होते. तेव्हा डॉक्टर अशांना अंथरुणातून उठू नका म्हणत. अमेरिकेतले नामांकित प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथे पाहुणे म्हणून गेले, स्वतः पन्नाशीचे. लिडियार्डच्या मंडळींबरोबर टेकडीवर पळताना ते मागे पडले आणि सत्तरी उलटलेला, हृदयविकाराचे झटके सोसलेला एक गृहस्थ त्यांच्या सोबतीला मागे थांबून बोलत राहिला. बॉवरमन परत गेले, एका हृदयरोगतज्ज्ञाला बरोबर घेतलं आणि 1967 मध्ये ‘जॉगिंग’ नावाचं छोटं पुस्तक काढलं. अमेरिकेत सामान्य माणसं रस्त्यावर पळायला लागली, त्यात या पुस्तकाचा मोठा हात होता.

आमच्याकडे सुरुवात चालण्याने होते. दहा मिनिटं नुसतं चालायचं, आधी रमतगमत, मग भरभर. याची गरज मी समजावत होते तेव्हा मामांनीच मला थांबवलं. “कळलं ताई. गार मूस एकदम धगीत ठिवली की तडकती. आधी कडंला ऊब द्यावी लागती.” यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं. शरीर तापलं की मग पळायचं, पण नाडी आपल्या हद्दीला टेकेपर्यंतच. टेकली की चालायचं, आणि वीसेक ठोके उतरले की पुन्हा पळायचं. पहिल्या आठवड्यांत मिनिटभर पळणं आणि दोन-तीन मिनिटं चालणं एवढंच होतं. अमेरिकेचे ऑलिंपिक धावपटू जेफ गॅलोवे यांनी 1970 च्या दशकापासून नवशिक्यांना असंच पळत-चालत शिकवलं आणि त्यांच्या रीतीने हजारोंनी मॅरेथॉन पुऱ्या केल्या. मध्ये चालणं म्हणजे हार, असं मानणारे आपल्याकडे फार आहेत, विशेषतः पुरुष. त्यांना मी हे मुद्दाम सांगते.

आता घड्याळाबद्दल, कारण घाबरवायचं काम तेच जास्त करतं. डिसेंबरमधली गोष्ट. नदीवर धुकं इतकं की पुलाचे खांब दिसत नव्हते. मामा अगदी आरामात पळत होते, विट्याच्या बाजाराचं काहीतरी सांगत होते, आणि एकदम थबकले. घड्याळावर 166. चेहरा उतरला. मी त्यांचा हात हातात घेतला. भट्टीपुढे आयुष्य गेल्याने त्यांच्या बोटांची कातडी इतकी जाड झाली आहे, की स्वतःची नाडी त्यांच्या बोटांना धड लागत नाही. मी मनगटावर दोन बोटं ठेवली, पंधरा सेकंद मोजलं, तीस भरले. म्हणजे 120. मग त्यांना पुन्हा हळू पळायला लावलं आणि पावलं मोजली. मिनिटाला 166 च्या आसपास. घड्याळ पावलांनाच ठोके समजून बसलं होतं.

हे होतं कसं, ते समजलं की भीती जाते. घड्याळाच्या पाठीशी हिरवे दिवे असतात. ते कातडीत प्रकाश सोडतात. प्रत्येक ठोक्यासरशी तिथलं रक्त वाढतं, कमी होतं, तसा परतणारा प्रकाश बदलतो आणि त्यावरून घड्याळ ठोके मोजतं. पट्टा सैल असेल, थंडीने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसल्या असतील, तर ही लहर क्षीण होते आणि हाताच्या हिसक्याची लहर तिच्यावर मात करते. म्हणून पट्टा मनगटाच्या हाडापासून बोट-दोन बोटं वर, घट्ट बांधायचा आणि थंडीत घड्याळावर बाही ओढून घ्यायची. छातीचा पट्टा याहून भरवशाचा. तो हृदयाचा विद्युत संकेतच टिपतो, म्हणजे मी आयुष्यभर ज्यासाठी लोकांच्या छातीला तारा चिकटवल्या तेच काम करतो. बांधण्याआधी आतल्या बाजूला पाणी लावावं लागतं, कोरड्यावर तो चुकतो. हा बिनतारी पट्टाही फिनलंडचाच. तिथे 1977 मध्ये पोलार कंपनी सुरू झाली आणि 1982 मध्ये तिने पहिलं बिनतारी यंत्र बाजारात आणलं.

दोन्ही नसेल तर बोटं आहेतच. थांबल्या थांबल्या अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर मधली दोन बोटं ठेवून पंधरा सेकंद मोजायचं आणि चारने गुणायचं. मिनिटभर मोजत बसू नका, तोवर वेग उतरतो. मानेवर मोजायची सवय ज्येष्ठांनी टाळावी. तिथे जोराने दाबलं तर एखाद्याला भोवळ येते. आणि घड्याळ काहीही म्हणो, छातीवर दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठोके वेडेवाकडे पडल्यासारखे वाटले, तर जागीच थांबायचं आणि थेट रुग्णालय गाठायचं. घरी जाऊन पडतो, ओवा खातो, असलं करायचं नाही. अशी किती माणसं उशिरा आमच्या खोलीत आलेली मी पाहिली आहेत.

पहिलं पाऊल टाकण्याआधी डॉक्टरांना भेटणं आपल्या लोकांना तर टाळताच येणार नाही. इंटरहार्ट या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला झटका मध्यमान 53 व्या वर्षी आलेला दिसला. बाकीच्या जगात ते वय पाच-सहा वर्षांनी जास्त होतं. रक्तदाब, साखर, ईसीजी हे किमान, आणि साखर-दाब किंवा घरात हृदयविकार असेल तर डॉक्टर म्हणतील ती पुढची तपासणी. मामांना मी फुप्फुसांचीही करून घ्यायला लावली. गलाईत अ‍ॅसिडचा धूर जन्मभर नाकातोंडात जातो.

लखनौची हवा आकड्यांत स्वतःची भर घालते. जूनमध्ये पहाटेसुद्धा तापलेलं असतं, जुलैत दमट. शरीर थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, आणि त्याच वेगाला नाडी दहा-पंधरा ठोक्यांनी वर जाते. वेग तोच ठेवला तरी वेळ जाईल तसा आकडा चढत राहतो. साठीनंतर तहानही उशिरा कळते. अशा दिवसांत आकडा धरून ठेवायचा आणि वेग पडू द्यायचा, अगदी चालण्यावर आला तरी. दिवाळीनंतर धूर खाली बसतो, तेव्हा आम्ही काही दिवस नदीवर जातच नाही.

सुधारणा होते आहे हे ओळखायला दोन रीती आहेत. मास्टर साहबांच्या वहीत एक ठरलेला टप्पा आहे, पुलापासून एका बाकापर्यंत. महिन्यातून एकदा तोच टप्पा, त्याच नाडीत, आणि लागलेला वेळ लिहायचा. आकडा तोच, वेळ कमी, याचा अर्थ हृदय एका ठोक्यात जास्त काम करायला लागलं. दुसरी रीत थांबल्यानंतरची. क्लीव्हलँड क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी 1999 मध्ये 2,428 जणांचा अभ्यास छापला. ट्रेडमिलवर पूर्ण जोर लावून झाल्यावर पहिल्या मिनिटात ज्यांची नाडी 12 किंवा त्याहून कमी ठोक्यांनीच उतरली, त्यांच्यात पुढच्या वर्षांत मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं. आम्ही पूर्ण जोर लावत नाही, त्यामुळे तो 12 चा आकडा आमच्या पळण्याला तसाच लावता येत नाही. पण तेवढ्याच श्रमानंतर नाडी पूर्वीपेक्षा लवकर खाली येते का, हे बघता येतं. भाभीजींची सुरुवातीला वीस ठोके उतरायला फार वेळ घ्यायची. आता परवलचा भाव सांगून होईपर्यंत उतरलेली असते. सकाळी उठल्या उठल्याची नाडीही लिहावी. नेहमीपेक्षा ती आठ-दहा ठोक्यांनी वर असेल तर शरीरात काहीतरी शिजतंय, ताप येऊ घातलाय किंवा झोप झालेली नाही, असं समजून त्या दिवशी पळायचं नाही.

या वयाच्या धावण्याची गोष्ट निघाली की मराठी माणसं लता करे यांचं नाव घेतात. बारामतीच्या, साठी ओलांडलेल्या, 2013 मध्ये पतीच्या उपचारासाठी पैसे हवेत म्हणून नऊवारीत, अनवाणी शर्यतीत उतरल्या आणि जिंकल्या. पुढे त्यांच्यावर सिनेमाही निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. पण ‘त्या पळाल्या, तुम्ही का नाही’ असं कुणी निवृत्त कारकुनाला म्हणू लागला की मी अडवते. शेतमजुरीत उन्हातान्हात राबलेलं ते शरीर होतं. खुर्चीत बसून निवृत्त झालेल्या माणसाला तेवढी तयारी पुन्हा पायरीपायरीने कमवावी लागते. आणि नवऱ्याच्या औषधपाण्यासाठी बायकोला म्हातारपणी पळावं लागणं, ही प्रेरणा म्हणून मिरवायची गोष्ट नाही.

शेवटी मास्टर साहबांबद्दल लिहायला हवं, कारण त्यांच्यासारखे खूप आहेत. ते रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल घेतात. या जातीच्या गोळ्या, एटेनोलॉलही त्यांतलीच, अ‍ॅड्रेनलिनचा हृदयावरचा परिणाम अडवतात. त्यामुळे कितीही जोर लावला तरी नाडी पूर्वीइतकी चढत नाही. घड्याळ त्यांना 105 ला ‘अगदी हलका व्यायाम’ म्हणायचं आणि मास्टर साहब तेव्हा धापा टाकत असायचे. वर लिहिलेलं एकही सूत्र अशा माणसाला लागू नाही. डिल्टियाझेम, व्हेरापामिल घेणाऱ्यांनाही हीच सावधगिरी. ठोके अनियमित पडण्याचा आजार असेल तर घड्याळाचा आकडाच विश्वासाचा राहत नाही. काही शहाणे पळायच्या दिवशी गोळी टाळतात, म्हणजे आकडा ‘नीट’ येतो. हे कधीही करू नका. ही गोळी एकदम बंद केली तर छातीत कळा येऊ शकतात, झटकाही येऊ शकतो. मास्टर साहबांच्या डॉक्टरांनी नेहमीची गोळी चालू ठेवूनच त्यांची टीएमटी केली आणि 108 ही हद्द लिहून दिली. बाजारभावाच्या परीक्षेतही तेच आलं. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी गोळीची मात्रा निम्मी केली, तेव्हा मास्टर साहबांनी वहीतल्या 108 वर स्वतःच काट मारली आणि “दीदी, अब फिर से नापना पड़ेगा” म्हणाले. मात्रा बदलली की जुना आकडा बाद. पुढची तपासणी होईपर्यंत ते आमच्याबरोबर चालतात, पळत नाहीत.